घोडी, गव्हाण आणि गुण्या

सुताराची घोडी दिसायला अगदी साधी. वर एक आडवं लाकूड, खाली चार पाय. कापायची फळी तिच्यावर टेकवायची, गुडघ्याने दाबून धरायची आणि करवत चालवायची. अमेरिकेतल्या ग्रामीण हायस्कुलांत शेती हा विषय घेणारी चौदा-पंधरा वर्षांची मुलं सुरुवातीला ज्या वस्तू बनवतात, त्यांत ही घोडी कित्येक पिढ्या टिकून आहे. तिचे पाय सरळ उभे नसतात. ते बाहेरच्या बाजूलाही कललेले असतात आणि टोकाकडेही. त्यामुळे पायाचं वरचं टोक कापताना एकाच कापात दोन कोन साधावे लागतात. फळ्यावर आकृती काढून हे कितीही समजावलं तरी डोक्यात नीट बसत नाही. हातात कोन बदलता येणारा बेव्हेल गुण्या घेऊन लाकडावर पेन्सिलीची रेघ मारली आणि एक पाय उलट्या बाजूने कापून वाया घालवला, की बसतं. चौथा पाय लावल्यावर घोडी डुगडुगली तर चूक झाली हे शिक्षकाने सांगावं लागत नाही.

शेतीच्या तासाला सुतारकाम कशाला, हा प्रश्न पालकांना पडतो तसा सरकारांनाही पडत आला आहे. उत्तरं काळाप्रमाणे बदलली. कुणी म्हणालं, हाताला वळण लागावं म्हणून. कुणी म्हणालं, शेतकऱ्याचा खर्च वाचावा म्हणून. कुणाला त्यात चारित्र्य दिसलं, कुणाला गणित. दीडशे वर्षांची ही उत्तरं वाचताना मला एक साधी कसोटी उपयोगी पडत आली आहे: मुलाने बनवलेल्या वस्तूची शाळेबाहेर कुणी वाट पाहत होतं का? गाय, कोंबडी, शेजारी, आई, कुणीही चालेल. असं कुणी होतं तिथे हे शिक्षण तगलं. वस्तू फक्त गुणांसाठी बनली तिथे ते सुकलं. आणि मुलाची जात किंवा वर्ण पाहून त्याच्या हाती रंधा दिला गेला तिथे त्याने नुकसान केलं.

गोष्टीची सुरुवात शेतापासून फार दूर होते. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात मॉस्कोच्या शाही तंत्रविद्यालयाने आपली शिकवण्याची पद्धत मांडली होती. तिथले संचालक व्हिक्टर डेला-व्होस यांनी कारागिरीचे घटक सुटे केले होते. आधी कापणं, मग रंधा मारणं, मग खाच पाडणं, मग त्या खाचेत दुसऱ्या लाकडाचं कुसू बसवणं. प्रत्येक क्रियेचा सराव वेगळा, सोप्याकडून अवघडाकडे. वापरायची वस्तू मात्र बनवायची नाही. सांधा करायचा, तपासून घ्यायचा आणि पुढच्या सांध्याकडे वळायचं. उस्तादाच्या हाताखाली कित्येक वर्षं उमेदवारी करून जे यायचं, ते एका खोलीत अनेक मुलांना एकदम शिकवता येतं हे पाहून अमेरिकन शिक्षक भारावले. सेंट लुईसमध्ये कॅल्व्हिन वुडवर्ड यांनी १८८० मध्ये सुरू केलेली हस्तकौशल्याची शाळा याच विचारातून उभी राहिली.

उत्तर युरोपात वारं वेगळं होतं. फिनलंडमध्ये उनो सिग्नेउस यांच्या आग्रहाने १८६६ पासून ग्रामीण शाळांतल्या मुलग्यांना हस्तकाम सक्तीचं झालं. स्वीडनमध्ये ऑटो सालोमोन यांनी नॅस या गावी शिक्षकांसाठी जे प्रशिक्षण केंद्र चालवलं, तिथे देशोदेशीचे शिक्षक येऊन शिकून गेले. या पद्धतीचं नाव स्लॉयड. सालोमोन यांचे नियम मला आजही वाचनीय वाटतात. वस्तू घरात उपयोगी पडणारी हवी, दिखाऊ नको. ती एकाच मुलाने पहिल्यापासून शेवटपर्यंत करायची. एकाने कापलं आणि दुसऱ्याने जोडलं असं चालणार नाही. पहिलं हत्यार चाकू, कारण खेड्यातल्या मुलाच्या हाताला तो आधीच ओळखीचा. आणि शिकवणारा शिक्षक हवा, नुसता कारागीर पुरे नाही. मॉस्कोची पद्धत नीटस आहे, तिने कामाला क्रम दिला, हे खरंच. पण टाकून द्यायच्या सांध्यावर मूल किती दिवस जीव लावेल?

या दोन्ही धारा शेतीच्या वर्गात येऊन मिळाल्या त्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थॅम्प्टन इथल्या शेतकी शाळेत रुफस स्टिम्सन यांनी १९०८ च्या सुमारास ‘घरचा प्रकल्प’ ही कल्पना रुजवली. मुलाने शाळेत शिकावं आणि ते घरच्या रानात, गोठ्यात करून पाहावं; शिक्षकाने तिथे जाऊन पाहणी करावी. १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने हायस्कुलातल्या व्यवसाय शिक्षणाला केंद्र सरकारचा पैसा मिळाला. शेती शिकणाऱ्या मुलाने वर्षातून किमान सहा महिने देखरेखीखाली प्रत्यक्ष शेतीकाम केलं पाहिजे, अशी अट त्यात होती. शाळेतल्या सुतारकामाचं भवितव्य या अटीने ठरवलं असं मी मानतो. मुलगा घरी डुकरं पाळणार म्हटल्यावर डुकरांना गव्हाण हवी, कोंबड्यांना खुराडं हवं, वासराच्या कुंपणाला फाटक हवं. विकत आणायला पैसे नसत. मग ती शाळेच्या शेडमध्येच बनू लागली.

फाटकाचं उदाहरण थोडं सविस्तर पाहण्याजोगं आहे. लाकडी फाटकाच्या चौकटीत एक तिरपी पट्टी असते. ती कुठून कुठे न्यायची? बिजागरीच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यातून निघून कडीच्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यात. तशी बसवली की फाटकाचं वजन तिच्यावर दाबाच्या रूपात येतं आणि ती ते खालच्या बिजागरीकडे नेते. उलटी बसवली तर तिच्यावर ताण येतो, सांधे हळूहळू उघडतात आणि फाटक जमिनीला घासू लागतं. पट्टीच्या जागी तारेचा दोर लावायचा असेल तर मात्र दिशा बरोबर उलटी हवी, कारण दोर ताण सोसतो, दाब सोसत नाही. पदार्थविज्ञानातला दाब आणि ताण यांतला फरक इतक्या स्वस्तात आणि इतका कायमचा शिकवणारं दुसरं साधन मला माहीत नाही. आपल्याकडच्या मळ्यांच्या फाटकांकडेही या नजरेने पाहा. उलट्या पट्ट्या चटकन दिसतील.

गणिताचंही तसंच. अमेरिकेत लाकूड ‘बोर्ड फूट’मध्ये मोजतात: एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड, म्हणजे १४४ घन इंच. दुकानात ज्याला दोन बाय चार म्हणतात ते रंधून, वाळून प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंचच भरतं. हे ठाऊक नसलेल्या मुलाचं पहिलं खुराडं हमखास वेडंवाकडं होतं. शेडचा पाया काटकोनात आहे की नाही हे पाहायला एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार फूट मोजायचे आणि कर्ण पाच फूट येतो का ते तपासायचं. आपला गवंडीही हेच करतो. या गणिताचा उपयोग परीक्षेतही होतो का, हे तपासायला अमेरिकेत प्रयोग झाले. व्यवसाय शिक्षणाच्या धड्यांतलं गणित मुद्दाम वर आणून शिकवलं, तर मुलांची गणिताच्या चाचण्यांतली कामगिरी सुधारते आणि हातचं कौशल्य कमी होत नाही, असं या शतकाच्या पहिल्या दशकातल्या एका देशव्यापी अभ्यासात दिसलं. यात ‘मुद्दाम वर आणून’ हे शब्द महत्त्वाचे. नुसतं लाकूड कापल्याने गणित आपोआप येत नाही. शिक्षकाला ते दिसावं लागतं, बोलून दाखवावं लागतं.

आणि पक्ष्याची पेटी. ब्लूबर्ड हा तिकडचा निळा, छोटा पक्षी झाडांच्या ढोलीत घरटं करतो. ढोल्या कमी झाल्या, त्यात बाहेरून आणलेल्या चिमण्या आणि स्टार्लिंग पक्ष्यांनी जागा बळकावल्या, आणि ब्लूबर्डची संख्या घसरली. तो सावरला त्यात लोकांनी ठिकठिकाणी टांगलेल्या लाकडी पेट्यांचा मोठा वाटा आहे. पेटीचं भोक दीड इंच व्यासाचं असावं लागतं. त्यातून ब्लूबर्ड जातो, आपल्या साळुंकीच्या कुळातला स्टार्लिंग जात नाही. भोक थोडं मोठं पडलं की स्टार्लिंगला वाट मिळाली. अचूकपणा का हवा, यावर याहून चांगलं उत्तर कोणत्या पाठ्यपुस्तकात असेल?

पुढे लाकूड मागे पडलं. १९३५ पर्यंत अमेरिकेतल्या साधारण दहापैकी एकाच शेतावर वीज होती. त्यानंतरच्या ग्रामीण विद्युतीकरणाने ती सगळीकडे पोचली आणि तिच्याबरोबर विजेचं वेल्डिंगही. अवजारं पोलादाची झाली, फाटकं नळ्यांची झाली. शेतीच्या शेडमध्ये ठिणग्यांना मान आला, भुशाचा गेला. १९६३ च्या व्यवसाय शिक्षण कायद्याने शेतीच्या वर्गाचं दार प्रत्यक्ष शेती न करणाऱ्या कामांसाठीही उघडलं, त्यामुळे घरचं शेत नसलेली मुलं येऊ लागली. २००२ नंतर शाळांवर वाचन आणि गणिताच्या चाचण्यांचं दडपण आलं आणि कित्येक शाळांनी सुतारकामाचे स्वतंत्र वर्ग बंद केले. तरी अनेक छोट्या गावांत करवतीचं पातं आजही फिरतं आहे ते शेतीच्या वर्गातच, कारण तिथे मागे शेतीची जत्रा आहे, शेती शिकणाऱ्या मुलांची संघटना आहे, घरचा प्रकल्प आहे. वस्तूला गिऱ्हाईक आहे.

हे शिक्षण कुणाला मिळालं, या प्रश्नावर मात्र या इतिहासाची मान खाली जाते. अमेरिकेच्या दक्षिणेत गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या, शेती शिकणाऱ्या मुलांच्या संघटनाही वेगळ्या. १९२८ साली कॅन्सस सिटीत स्थापन झालेली फ्यूचर फार्मर्स ऑफ अमेरिका गोऱ्या मुलांची, न्यू फार्मर्स ऑफ अमेरिका काळ्या मुलांची. १९६५ मध्ये त्या एक झाल्या. मुलींना राष्ट्रीय संघटनेचं सभासदत्व १९६९ साली मिळालं. त्याआधीचा वाद याहून खोल होता. टस्कीगी इथे काळ्या विद्यार्थ्यांसाठी संस्था चालवणारे बुकर टी. वॉशिंग्टन यांनी विद्यार्थ्यांकडूनच विटा पाडून, लाकूड कापून संस्थेच्या इमारती उभ्या केल्या. हातातल्या कसबानेच आपल्या समाजाला उभं राहता येईल, असं त्यांचं म्हणणं. काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९०३ मध्ये त्याला जाहीर विरोध केला: काळ्या मुलाच्या वाट्याला फक्त रंधा आणि गोऱ्याच्या वाट्याला ग्रंथालय, ही वाटणी आम्ही मान्य का करावी? मला दोघांचंही पटतं. हे कसब फार मोलाचं आहे. पण ते दुसरी दारं बंद करून दिलं जात असेल, तर ड्यू बॉइस यांचा राग रास्त आहे.

मराठी वाचकाला हा वाद परका वाटण्याचं कारण नाही. जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ १८७३ मध्ये अमेरिकेतली गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केली, आणि १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन देताना खेड्यातल्या शाळेत शेतीचं प्राथमिक ज्ञान मिळावं, त्यासाठी नमुन्याची शेतं असावीत, असं मांडलं. त्याच निवेदनात त्यांनी सरकारचा पैसा उच्चशिक्षणाकडे वळतो आणि रयतेची मुलं कोरडी राहतात हेही ठणकावून सांगितलं. त्यांना शेतीचं शिक्षण हवं होतं ते अक्षरांच्या जोडीने, अक्षरांच्या बदली नव्हे.

आपल्याकडे लाकडाचं ज्ञान शाळेत नव्हतंच, ते बलुत्यात होतं. नांगराला बाभळीचं कोणतं खोड धरावं, तिफणीच्या दोन फणांत किती अंतर ठेवावं, हे गावचा सुतार जाणत होता, आणि ते अंतर म्हणजे पिकाच्या दोन ओळींतलं अंतर. म्हणजे पेरणीचं एक माप सुताराच्या घरात राहत होतं. कुणब्याच्या मुलाने रंध्याला हात लावायचा नाही, सुताराच्या मुलाने दुसरं काही करायचं नाही. ज्ञान होतं, पण कुलूपबंद. मद्रास राज्यात १९५३ साली मुख्यमंत्री राजगोपालाचारींनी प्राथमिक शाळा अर्धा वेळ करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा अशी योजना आणली. ती कुलधंद्याची योजना म्हणूनच ओळखली गेली, प्रचंड विरोध झाला, आणि १९५४ मध्ये कामराज मुख्यमंत्री झाल्यावर ती रद्द झाली. व्हायलाच हवी होती. चांभाराच्या मुलाने चांभारकी आणि सुताराच्या मुलाने सुतारकी शिकणं याला शिक्षण म्हणता येत नाही. चांभाराच्या मुलीने सुतारकाम आणि ब्राह्मणाच्या मुलाने कातडीकाम शिकणं, तेही त्याच वर्गात बीजगणिताबरोबर, हे शिक्षण.

वर्ध्याला याच्या जवळ जाणारा विचार झाला होता. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींनी बोलावलेल्या परिषदेतून आणि नंतर झाकीर हुसेन समितीच्या अहवालातून नई तालीम आकाराला आली. सूतकताई-विणकाम, सुतारकाम, शेती, बागकाम, कातडीकाम असे मूलोद्योग त्यात होते, आणि शाळेच्या साडेपाच तासांपैकी तीन तास वीस मिनिटं उद्योगाला दिलेली होती. भाषा, गणित, समाजशास्त्र त्या उद्योगातूनच उमलावं अशी कल्पना. मुलांच्या वस्तूंच्या विक्रीतून शिक्षकाचा पगार निघावा, ही गांधीजींची अपेक्षा सर्वांत वादग्रस्त ठरली. खुद्द समितीनेच इशारा दिला होता की आर्थिक बाजूवर जोर पडला तर मुलांकडून काम काढून घेण्यातच शिक्षकाचं लक्ष गुंतेल. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी टकळी आणि चरखाच पुढे राहिला, कारण तो स्वस्त होता. लाकूड, रंधा, पटाशी आणि ते शिकवणारा माणूस महाग होता.

पुढे कोठारी शिक्षण आयोगाने ‘कार्यानुभव’ हा शब्द दिला, १९७७ च्या ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक काम हे नाव दिलं. आमच्या पिढीला कार्यानुभवाचा तास आठवतो तो पुठ्ठ्याच्या पेनस्टँडसाठी आणि क्रेप कागदाच्या फुलांसाठी. माझ्या शाळेत एका कपाटात दोन करवती आणि एक रंधा होता. तीन वर्षांत ते कपाट आमच्यासमोर एकदाही उघडलं नाही. आम्ही केलेली फुलं वार्षिक तपासणी झाली की केरात जात. कुणी त्यांची वाट पाहत नव्हतं.

मग पाबळ. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातल्या या कोरडवाहू गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. उद्योगातल्या संशोधनाची चांगली नोकरी सोडून आलेला हा शास्त्रज्ञ. त्यांनी आठवी ते दहावीच्या मुलांसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा अभ्यासक्रम रचला: आठवड्यातून एक दिवस, आणि त्यात कार्यशाळा, शेती-पशुपालन, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य अशी चार दालनं. शिकवायला गावातलेच कसबी लोक. त्याला राज्याच्या परीक्षा मंडळाची मान्यता मिळाली. मला त्यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती ही की मुलांनी गावाला सेवा द्यायची आणि तिचं मोल घ्यायचं. काम बिघडलं तर गिऱ्हाईक परत येणार. आणि मुलगे-मुली दोघंही चारही दालनांतून जाणार, म्हणजे मुलगी वेल्डिंग करणार आणि मुलगा स्वयंपाकाचं पोषणमूल्य मोजणार. कलबाग २००३ मध्ये गेले. पाबळचं काम चालू आहे आणि ते अनेक शाळांत पोचलं आहे. सालोमोन आणि स्टिम्सन यांना हवं होतं ते इथे एका छपराखाली आलं, आणि तेही दुष्काळी भागात.

आज नव्याने हे सुरू करणाऱ्या शाळेसमोर अडचणी खऱ्या आहेत. विजेवर चालणारी करवत बोटं घेते. अमेरिकेतही सोळा वर्षांखालच्या मुलांना अशा यंत्रांवर शेतीबाहेरच्या नोकरीत कामाला लावता येत नाही, आणि सोळा-सतराच्या मुलांना शिकाऊ म्हणून देखरेखीखालीच सवलत आहे. लाकडाचा भुसा कर्करोगाला कारण ठरतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नोंदवलेलं आहे, तेव्हा नाकाला फडकं बांधून भागत नाही. हवा खेचणारी सोय हवी. वाळवी लागू नये म्हणून तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक मुरवलेलं लाकूड एकेकाळी तिकडे सर्रास वापरत. २००३ च्या अखेरीस घरगुती वापरातून ते हटवलं गेलं. जनावरांच्या गव्हाणीला कुठलं लाकूड चालतं हे शिकवणंही त्यामुळे अभ्यासाचाच भाग झाला. पण हातकरवत, रंधा, पटाशी, गिरमिट आणि गुण्या एवढ्यावर पहिली दोन वर्षं सहज जातात, आणि त्यांना वीज लागत नाही. खरी चणचण शिक्षकाची आहे. अमेरिकेतही शेतीशिक्षकांच्या पदवीत कार्यशाळेचे तास घटले आणि नव्या शिक्षकांनाच रंध्याची भीती वाटू लागली. आपल्याकडे तर गावच्या सुताराला शाळेत बोलवायचं म्हटलं, तर मानधन कोणत्या खात्यातून द्यायचं इथूनच चर्चा अडते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवले आहेत, आणि त्या दिवसांत स्थानिक सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे शिकायला जाण्याचा उल्लेख आहे. दहा दिवसांत घोडी होते. चांगली होते. पण गव्हाण एका पावसाळ्यातून गेल्याशिवाय तिची फळी कुठे फुगली, कुठला खिळा गंजला आणि म्हशीने कोणती बाजू चाटून झिजवली हे दिसत नाही. ते पाहायला तिचा करणारा पुढच्या जूनमध्ये त्याच शाळेत, त्याच शेडमध्ये, हातात रंधा घेऊन परत यावा लागतो. पाबळने त्यासाठी आठवी ते दहावी अशी तीन वर्षं धरली, आठवड्याचा एक पूर्ण दिवस.